गाढव आलं कुठून? नाताळच्या पडद्यावरच्या गमतीजमती

सोपा प्रश्न. चारही शुभवर्तमानांत मिळून संत योसेफच्या तोंडी किती वाक्यं आहेत? धर्मशिक्षणाच्या वर्गात बक्षीस मिळवलेली माणसंही इथे आढ्याकडे बघायला लागतात. उत्तर आहे शून्य. त्याला स्वप्नं चार पडतात, प्रत्येक स्वप्नातला हुकूम तो मुकाट पाळतो, पण बोलत काहीच नाही. आता या माणसाला नायक करून पावणेदोन तासांचा सिनेमा काढायचा म्हणजे लेखकाची काय पंचाईत होत असेल!

ती पंचाईत माइक रिच या पटकथाकाराने ओढवून घेतली. 2004 च्या डिसेंबरात 'टाइम' आणि 'न्यूजवीक' या दोन्ही साप्ताहिकांनी ख्रिस्तजन्मावर मुखपृष्ठकथा केली, ती वाचून त्याच्या डोक्यात विषय घुसला. दोन वर्षांच्या आत, 1 डिसेंबर 2006 रोजी, 'द नेटिव्हिटी स्टोरी' अमेरिकेत पडद्यावर होता. मी वसईची कॅथलिक. नाताळच्या सुट्टीत आमच्या गोतावळ्यात कुणी ना कुणी हा सिनेमा लावतंच, आणि बघणारा प्रत्येक जण तेवढ्यापुरता धर्मपंडित होतो. "हे बायबलमध्ये कुठे आहे?" हा सवाल करंज्यांच्या ताटाइतकाच फिरत असतो. त्या सवालातून निघालेला हा ऐवज.

आई खरोखरच नाझरेथची

मरियेची भूमिका केली न्यूझीलंडच्या कीशा कॅसल-ह्यूजने. 'व्हेल रायडर'साठी ऑस्करचं नामांकन मिळालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती. योसेफ झालेल्या ऑस्कर आयझॅकचा जन्म ग्वातेमालातला. मरियेची नातलग एलिझाबेथ झालेल्या शोहरे आगदाश्लू आणि मरियेचे वडील झालेले शॉन टूब, दोघंही मूळचे तेहरानचे. गाब्रिएल दूत म्हणजे अलेक्झांडर सिद्दिग, जन्माने सुदानचे आणि 'स्टार ट्रेक'वाल्यांना 'डीप स्पेस नाइन'मधले डॉक्टर बशीर म्हणून ठाऊक. पण खरी मौज मरियेच्या आईची. तिची भूमिका करणाऱ्या हियाम अब्बास या पॅलेस्टिनी अभिनेत्रीचा जन्म कुठला? नाझरेथचा. दोन हजार वर्षांत भूमिकेचा आणि गावाचा असा मेळ फार वेळा बसला नसेल.

दिग्दर्शक कॅथरीन हार्डविक. आधीचा गाजलेला सिनेमा 'थर्टीन', विषय अमेरिकेतल्या बिघडलेल्या शाळकरी मुली. नंतरचा गाजलेला सिनेमा 'ट्वायलाइट', विषय रक्तपिपासूंचं प्रेम. या दोहोंच्या मध्ये पवित्र मरिया. तरी नीट पाहिलं तर तिन्हींत एकच गोष्ट आहे : सोळा-सतराच्या आतल्या मुलीवर झेपणार नाही एवढं काहीतरी येऊन कोसळतं.

पोप नव्हते, मरियाही नव्हती

26 नोव्हेंबर 2006 रोजी या सिनेमाचा पहिला खेळ थेट व्हॅटिकनमध्ये झाला, पोपमहोदय जिथे भाविकांना भेटतात त्या पॉल सहावे सभागृहात. एखाद्या कथापटाचा जागतिक पहिला खेळ व्हॅटिकनमध्ये होण्याची ही पहिलीच वेळ. हजारो माणसं आली. पोप बेनेडिक्ट सोळावे मात्र आले नाहीत. ते तुर्कस्तानच्या दौऱ्याच्या तयारीत होते. आणि पडद्यावरची मरियाही आली नाही.

कीशा तेव्हा सोळा वर्षांची, अविवाहित आणि गरोदर होती. ही बातमी ऑक्टोबरात फुटलेली होती आणि वर्तमानपत्रांना तर आयतंच कोलीत मिळालं. सिनेमात मरिया वाढलेल्या पोटाने एलिझाबेथकडून परत येते, तेव्हा नाझरेथचे लोक ज्या नजरेने तिच्याकडे बघतात त्याच नजरेने बातम्या छापल्या गेल्या. आमच्यातल्याही काहींनी नाकं मुरडली. मला विचाराल तर त्यांनी सिनेमा पाहिला, पण तो कशावर आहे हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

मातेराचा उलटा क्रम

सिनेमातलं नाझरेथ उभं केलं दक्षिण इटलीतल्या मातेरा गावात. वाळवंट मोरोक्कोतल्या वार्झाझातचं. मातेरा म्हणजे डोंगरकड्यात कोरलेल्या गुहाघरांचं गाव. याच गावात 2004 चा 'द पॅशन ऑफ द क्राइस्ट' चित्रित झाला होता, म्हणजे इथे ख्रिस्त आधी क्रुसावर गेला आणि मग दोन वर्षांनी जन्मला! त्याच्याही चाळीस वर्षं आधी पिएर पाओलो पासोलिनीने 'मत्तयकृत शुभवर्तमाना'वरचा आपला सिनेमा इथेच केला. पासोलिनी नास्तिक, वर मार्क्सवादी. त्याने तो अर्पण केला पोप तेविसावे जॉन यांच्या स्मृतीला, आणि उतारवयातल्या मरियेची भूमिका दिली स्वतःच्या आईला. पुढे व्हॅटिकनच्या मुखपत्राने ख्रिस्तावरचा सर्वोत्तम सिनेमा म्हणून त्याचीच पाठ थोपटली. नास्तिकाला मिळालेलं हे प्रशस्तिपत्र श्रद्धावंत दिग्दर्शकांच्या किती जिव्हारी लागलं असेल, याची कल्पना करून बघा.

पण मातेराची निवड नुसत्या देखाव्यासाठी झाली असं मला वाटत नाही. 1950 च्या दशकात सरकारने लोकांना तिथून हलवलं, तोवर त्या गुहांमध्ये माणसं, गाढवं, डुकरं आणि कोंबड्या एकाच छताखाली राहत होती. गुहेच्या आतल्या बाजूला दगडातच खोदलेली गव्हाणी, अलीकडे चूल, आणि उंच पलंग. उंच अशासाठी की खाली कोंबड्या बसायच्या. बेथलेहेमच्या ख्रिस्तजन्म मंदिरातही जन्मस्थान म्हणून दाखवतात ती मंदिराखालची गुहाच. आपल्या गोठ्यातली पेंढ्याची झोपडी ही युरोपातल्या चित्रकारांची कृपा. त्यामुळे सिनेमातली अंधारी, ओलसर, दगडी जागा बघून "हा कसला गोठा?" असं म्हणणाऱ्यांना सांगायला हवं की बाबांनो, हाच त्यातल्या त्यात खरा.

आता गाढव

मरिया गाढवावर, योसेफ लगाम धरून पायी. नाताळच्या कुठल्याही शुभेच्छापत्रावर हे चित्र असतं, सिनेमाचा मोठा भाग याच प्रवासात जातो, आणि 2017 च्या 'द स्टार' या सचेतपटात तर गाढव चक्क नायक आहे. बायबल उघडून बघा. गाढव नाही. योसेफ मरियेला घेऊन बेथलेहेमला गेला एवढंच लूक सांगतो. खांद्यावर नेलं, बैलगाडीतून नेलं की चालवत नेलं, काही पत्ता लागू देत नाही.

गाढव येतं दुसऱ्या शतकातल्या एका ग्रंथातून. 'याकोबाचं आद्य शुभवर्तमान' असं त्याला म्हणतात आणि चर्चने त्याला बायबलमध्ये जागा दिलेली नाही. मरियेच्या आईवडिलांची अन्ना आणि योआकिम ही नावंही तिथलीच. बायबलमध्ये ती नावंच नाहीत, तरी आपण दोघांचा सण साजरा करतो आणि घराघरांत अ‍ॅना आहेत! गोठ्यातला बैल आला यशया संदेष्ट्याच्या पहिल्या अध्यायामुळे. बैलाला धनी कळतो, गाढवाला मालकाची गव्हाणी कळते, अशा अर्थाचं वचन तिथे आहे. पुढच्या काळात त्या दोघांना उचलून बाळापाशी आणून बसवलं. संत फ्रान्सिस यांनी 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी नाताळचा देखावा केला तेव्हाही खरा बैल, खरं गाढव आणि चाऱ्याने भरलेली गव्हाणी होती. आमच्याकडच्या गोठ्यांच्या स्पर्धा, त्यातला पेंढा, कागदाचे डोंगर, आरशाच्या तुकड्याचं तळं आणि त्यात पोहणारी प्लॅस्टिकची बदकं, सगळ्यांचे मूळपुरुष ते.

बदकं मात्र कुठल्याच ग्रंथात नाहीत. ती आमची.

"जागा नाही" म्हणून दार लावून घेणारा सराईवाला? तोही बायबलमध्ये नाही. जागा नव्हती हे लूक सांगतो, सांगणारा माणूस नाही. शाळेच्या नाटकात ही भूमिका मिळून हिरमुसलेल्या पोरांनी आता खुशाल तक्रार करावी.

तीन राजे मोजले कुणी?

मत्तय त्यांना राजे म्हणत नाही, तीनही म्हणत नाही. पूर्वेकडून मागी, म्हणजे ज्योतिषी लोक आले, बस्स. भेटवस्तू तीन होत्या म्हणून आपण माणसं तीन धरली. कास्पर, मेल्कियोर आणि बाल्थाझार ही नावं पुढच्या काही शतकांत चिकटली. इटलीतल्या राव्हेन्ना इथल्या सहाव्या शतकातल्या भित्तिचित्रात ते तिघं इराणी टोप्या घालून लगबगीने चाललेले दिसतात. सिनेमाने या तिघांना विनोदाचं खातं दिलंय. वाटभर एकमेकांच्या फिरक्या, खाण्यापिण्यावरून कुरकुर, उंटावर बसल्या बसल्या आकाशाची गणितं. भाविकांपैकी काहींना हे थिल्लर वाटलं. मला तर हे तिघं फार आवडले. आयुष्यभर पोथ्या चाळलेली विद्वान मंडळी एकत्र प्रवासाला निघाली तर दुसरं काय करणार?

पण शेवटी सिनेमाही शुभेच्छापत्राला शरण जातो. गुहेच्या तोंडाशी मेंढपाळ, त्यांच्या मागून मागी, वरून ताऱ्याचा झोत, सगळे एकाच रात्री. मेंढपाळ आहेत लूकच्या शुभवर्तमानात, मागी आहेत मत्तयच्या, आणि दोघांनी एकमेकांची दखलही घेतलेली नाही. मत्तयचे मागी तर घरात जाऊन बाळाला भेटतात. राजा हेरोद दोन वर्षांपर्यंतची मुलं मारायला सांगतो, तेव्हा बाळ एव्हाना रांगत-चालत असण्याचीही शक्यता आहे. मार्क आणि योहान या दोघांनी तर जन्मकथा सांगितलेलीच नाही.

भेटवस्तूंबद्दल एक खास आपल्यासाठी. सोनं कळलं, ऊद कळला. गंधरस म्हणजे काय? आपल्याकडच्या काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो तो हिराबोळ. बाळंतिणीला हिराबोळ द्यायची चाल महाराष्ट्रात जुनी आहे. तेव्हा त्या मागी लोकांत एखादी जाणती आजी असावी, असा माझा दाट संशय आहे.

तारा, शेपटीसह आणि शेपटीविना

सिनेमात तारा एकटा नाही. आकाशातल्या तीन ज्योती हळूहळू जवळ येतात आणि एक होतात. ही कल्पना हवेतली नव्हे. ग्रह जवळ येण्याशी या ताऱ्याचा संबंध जोडण्याचा खटाटोप केपलरने सतराव्या शतकातच केला होता. त्याच्याही आधी, 1305 च्या सुमाराला, जोत्तो या चित्रकाराने इटलीतल्या पादुआच्या चॅपेलमध्ये गोठ्यावर चक्क शेपटीवाला धूमकेतू रंगवला. 1301 मध्ये हॅलेचा धूमकेतू दिसला होता, तो त्याने पाहिला असावा असं अभ्यासक मानतात. 1986 मध्ये हॅले परत आला तेव्हा त्याच्या भेटीला युरोपने जे यान पाठवलं, त्याचं नाव काय ठेवलं? जोत्तो.

हेरोद हवाच

ख्रिस्तजन्माच्या सिनेमात मरिया व्हायला नवी मुलगी चालते, हेरोद व्हायला मात्र मुरलेला नट लागतो. 1965 मध्ये क्लॉड रेन्स, 1977 मध्ये पीटर उस्तिनोव्ह, इथे किअरन हाइंड्स (जे आदल्याच वर्षी 'रोम' मालिकेत ज्युलियस सीझर होते), 2023 च्या 'जर्नी टू बेथलेहेम'मध्ये गाणारा हेरोद अँटोनियो बँडेरास, आणि 2024 च्या 'मेरी'मध्ये अँथनी हॉपकिन्स. बाळाची हत्या करायला निघालेल्या माणसाला इतकी मागणी!

इतिहासातल्या हेरोदाने स्वतःच्या पोटच्या मुलांना मारलं होतं, त्यामुळे परक्यांच्या मुलांचं त्याला काय? मात्र बेथलेहेमच्या बालहत्येची नोंद मत्तयाबाहेर सापडत नाही. तो मेला इसवी सनापूर्वी 4 मध्ये असं बहुतेक इतिहासकार धरतात. म्हणजे येशू त्याच्या हयातीत जन्मला असेल, तर ख्रिस्ताचा जन्म 'ख्रिस्तपूर्व' काळातला ठरतो. सहाव्या शतकात कालगणना मांडणाऱ्या भिक्षूचा हिशेब चार-सहा वर्षांनी चुकला, दुसरं काय. आणि सिनेमा थिएटरांतून उतरून पुरते सहा महिनेही झाले नसतील, तोच 2007 च्या मे महिन्यात बेथलेहेमजवळच्या हेरोदियम टेकडीवर हेरोदाची कबर सापडल्याची बातमी आली. प्रसिद्धीचा मोका थोडक्यात हुकला!

फुरंगटलेली मरिया, कळा देणारी मरिया

सिनेमातली मरिया सुरुवातीला लग्नाला राजी नसते. ज्याला धड ओळखत नाही त्याच्याशी का, असं ती विचारते. काहींना हे खटकलं. पवित्र मरिया अशी तोंड पाडून बसेल का? त्या काळच्या यहुदी रिवाजात वाङ्निश्चय झाला की मुलगी कायद्याने बायको होई, पण वर्षभर माहेरीच राही. आपल्या साखरपुड्यापेक्षा पक्कं, लग्नापेक्षा कच्चं. याच वर्षात तिला दिवस गेले म्हणजे काय संकट होतं, ते सिनेमा नुसतं सांगत नाही. योसेफला स्वप्नात तिच्यावर उगारलेले दगड दिसतात.

कॅथलिकांचा खरा आक्षेप पुढचा. मरियेला प्रसूतीच्या वेदना झाल्या नाहीत, अशी आपल्याकडे प्राचीन परंपरा आहे. सिनेमात ती कण्हते, ओरडते, योसेफचा हात गच्च धरते. यावरून अमेरिकेतल्या काही कॅथलिक अभ्यासकांनी कडक टीका केली. आमच्या घरच्या बायकांना तो प्रसंग सिनेमाभर सगळ्यात जवळचा वाटला. परंपरा आणि पडदा यांत पडदा चुकलाय, हे मला मान्य. तरी त्या प्रसंगाला माझे डोळे ओले झाले, आणि त्यासाठी कबुलीजबाब द्यायला जाण्याचा माझा विचार नाही. जाँ-ल्युक गोदारच्या 1985 च्या 'हेल मेरी'ने याच विषयावर असा धुरळा उडवला की खुद्द पोप दुसरे जॉन पॉल यांनी निषेध केला. त्या मानाने हे प्रकरण फारच सौम्य.

गिरगावातला एक प्रेक्षक

ख्रिस्ताचा सिनेमा पाहून सर्वांत मोठा परिणाम कुणावर झाला? तो प्रेक्षक ख्रिस्ती नव्हता. 1911 च्या ईस्टरला गिरगावातल्या तंबू थिएटरात धुंडिराज गोविंद फाळके यांनी 'द लाइफ ऑफ क्राइस्ट' पाहिला. पडद्यावर येशू होता, यांना राम-कृष्ण दिसायला लागले. मग पत्नी सरस्वतीबाईंना सोबत घेऊन पुन्हा पाहिला. 3 मे 1913 रोजी 'राजा हरिश्चंद्र' त्याच गिरगावात लोकांसमोर आला. भारतीय सिनेमाच्या जन्मकथेला ख्रिस्तजीवनाचा असा हातभार आहे, हे आम्ही वसईकर पाहुण्यांना अंमळ जास्तच वेळा ऐकवतो.

पडदा यायच्या तीनशे वर्षं आधीची सोय वेगळी होती. गोव्यातले इंग्रज जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्ताची कथा मराठी ओव्यांत रचली आणि 1616 मध्ये 'ख्रिस्तपुराण' छापून निघालं. तिकीट नाही, मध्यंतर नाही.

आणि योसेफ

पैशांचं एका वाक्यात : खर्च साडेतीन कोटी डॉलर, जगभरची कमाई साडेचार कोटींच्या थोडी वर. मातेरातल्याच 'पॅशन'ने साठ कोटींच्या पुढे मजल मारली होती. लोकांना ख्रिस्ताच्या जन्मापेक्षा मरणात रस जास्त, असाच याचा अर्थ काढावा लागतो.

तरी 'द नेटिव्हिटी स्टोरी'ने एक काम असं केलंय की जे मला आजवरच्या कुठल्या प्रवचनाने करून दिलं नाही. आमच्या चर्चमधल्या मूर्तीत योसेफ पांढऱ्या दाढीचा, हातात लिलीच्या फुलांची काठी घेतलेला. इथे तो तरणाबांड, कष्टाने रापलेला, गोंधळलेला. नाझरेथ ते बेथलेहेम ही सव्वाशे-दीडशे किलोमीटरची वाट तो पायी तुडवतो. साप दिसून गाढव बुजतं, मरिया नदीत पडते, तो उडी घेतो. रात्री तो थकून झोपलेला असतो तेव्हा मरियेचं लक्ष त्याच्या पायांकडे जातं. टाचा फाटलेल्या, रक्त साकळलेलं. ती हळूच ओल्या फडक्याने ते पाय पुसते आणि पोटातल्या बाळाला सांगते की तुला वाढवायला फार भला माणूस मिळालाय. लग्नाला नाखूश असलेली मुलगी आपल्या नवऱ्यावर प्रेम करायला लागते, ती इथे. पुढे त्या बाळाने मोठेपणी शिष्यांचे पाय धुतले, हे माहीत असलेल्याला तर हा प्रसंग जास्तच लागतो.

आणखी एके ठिकाणी योसेफ मनातली शंका बोलून दाखवतो : या मुलाला मी काही शिकवू तरी शकेन का? बायबलमध्ये हे नाही. पण बायबलच्या विरोधातही यात काही नाही. गाढव, सराईवाला, तीन राजे या सगळ्या भरीच्या मालात ही एक भर अशी आहे की ती काढून टाकायला माझं मन धजत नाही. मरियेचा म्हणून काढलेला हा सिनेमा खरा योसेफचा आहे, हे माझं मत मी कितीही वाद झाला तरी सोडणार नाही.

ऑस्कर आयझॅक पुढे 'स्टार वॉर्स'मुळे जगभर पोचला. 2025 मध्ये 'द किंग ऑफ किंग्ज' हा सचेतपट आला, त्यात त्याने आवाज दिला खुद्द येशूला. बापाला मुलाची भूमिका मिळायला एकोणीस वर्षं लागली.

यंदा नाताळात हा सिनेमा लावणार असाल तर एक करा. मत्तयचे पहिले दोन आणि लूकचे पहिले दोन, असे चार अध्याय आधी मोठ्याने वाचून काढा. अर्ध्या तासाच्या आत होतात. मग पोरांना समोर बसवा, हातात कागद-पेन्सिल द्या, आणि बायबलमध्ये नसलेली एकेक गोष्ट टिपायला सांगा. सर्वांत जास्त टिपेल त्याला पहिला फुगा आणि करंजी.

योसेफच्या संवादांचे गुण धरू नका. ते माफ.